चुलीवर न चढलेलं मीठ

"हे सार आहे की वडवारच्या कालव्याचं पाणी?"

सीतारामराव हे कुणाला उद्देशून म्हणाले नव्हते. पानावर वाकून, भाताच्या आळ्यात साचलेल्या साराला म्हणाले होते. पण विशालाक्षी वाढायला वाकलेली होती, पळी त्यांच्या कानाशी होती, आणि इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं पुटपुटणं तिला त्याच्या बोलण्यापेक्षा स्वच्छ ऐकू येई.

"कालव्याला निदान शेवाळाची चव असते," ते पुढं पुटपुटले.

"ऐकू आलं," ती म्हणाली.

"ऐकू यावं म्हणून म्हटलं नाही."

"मग मनात म्हणावं."

"मनातसुद्धा अळणीच आहे सगळं."

पंक्तीला शेजारी बसलेला किट्टू हसला नाही. एरवी हसला असता. तो वेंकटरमणाचा मुलगा, सीतारामरावांचा पुतण्या, मद्रासेत डॉक्टर झालेला. पहाटेच्या गाडीनं तो उतरला होता, आणि अंघोळीच्याही आधी त्यानं आपली काळी पेटी उघडून मोठाप्पाच्या, म्हणजे थोरल्या काकाच्या, दंडाला कापडी पट्टा आवळला होता, रबरी फुगा दाबला होता आणि काचेच्या नळीतला पारा वर चढताना बघितला होता. पारा उतरायला हवा होता. मार्गशीर्षापासून या घरात मीठ बंद होतं. आता फाल्गुन सरत आला. तरी पारा होता तिथंच, उलट जरा वरच. पट्टा गुंडाळताना त्यानं फक्त काकूकडे बघितलं होतं.

ती नजर विशालाक्षीला सकाळपासून टोचत होती. म्हणजे त्याला वाटतं, मी दयेपोटी चिमूटभर टाकते. सगळ्यांनाच वाटत असणार. मार्गशीर्षात तिनं स्वतःच्या हातानं चुलीजवळचं मिठाचं लाकडी पाळं उचलून माळ्यावर ठेवून दिलं होतं. तेव्हापासून ती स्वतःही अळणीच जेवत होती, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा उपाशी चेहऱ्यानं उठतो आणि आपण मागून मीठ घालून जेवायचं, हे तिला जमेना. पहिले काही दिवस भात घशाखाली उतरला नाही. मग हळूहळू दुधीला दुधीची चव येऊ लागली, तुरीच्या वरणाला गोडवा आला. तेही तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगून कोण ऐकणार होतं?

ताकभात आला. आणि ताकभाताबरोबर, रोजच्यासारखी, अक्का आली.

वसुमतीअक्का सीतारामरावांची थोरली बहीण. लग्न जाहलं तेव्हा परकरात होती, परत आली तेव्हाही परकरातच. त्यानंतर तांबडं लुगडं, बोडकं डोकं, आणि या घरची कोठी. कोठीच्या दारातून ती सोवळ्यात बाहेर आली, हातात केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर काळसर, ओलसर, सुरकुतलेली एक फोड. नारत्तंगाय. आपल्या महाळुंगाच्या जातीचं फळ. सुरीनं गोल गोल, सोल तुटू न देता कापायचं, आत मीठ दाबून भरायचं, आणि पुरट्टासी महिन्यापासून, म्हणजे भाद्रपद-आश्विनापासून, उन्हं खात ठेवायचं. या घरची फळं कापली की साखळीसारखी लोंबत, एकही कडी न तुटता. अक्काच्या हातची कधीच तुटत नसे.

"घे," अक्का म्हणाली. "पित्ताला बरं."

सीतारामरावांनी फोड जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. साठीला टेकलेल्या, तहसीलदारी करून निवृत्त जाहलेल्या त्या माणसाचा चेहरा एकदम परसात चिंचा चोरणाऱ्या पोराचा जाहला. विशालाक्षीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. रोज याच वेळी ती भिंतीकडे बघत असे. त्या भिंतीचा चुना कुठं कुठं पोपडला आहे ते तिला पाठ होतं.

अक्का आत गेली. जेवणं उरकली. उठता उठता किट्टू थांबला. मोठाप्पाच्या पानाच्या कडेला चोखून पांढरी पडलेली साल पडली होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग वर बघितलं, तर समोर काकू होती, आणि तीही त्या सालीकडेच बघत होती. दोघांनी एकमेकांना पकडलं आणि लगेच सोडूनही दिलं.

•

परसात आडावर हात धुताना किट्टूला स्वतःचा राग आला, आणि हसूही आलं.

त्यानंच सांगितलं होतं, "स्वयंपाकात मीठ नको." मद्रासेच्या शहाण्या डॉक्टरानं या घरात जन्मूनही हे सांगितलं होतं. या घरात स्वयंपाक म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं का? चुलीवर चढतं ते अन्न. त्याला सोवळं-ओवळं, त्याला खरकटं, त्याला नियम. उन्हात वाळतं ते अन्नात धरत नाहीत. प्रवासात चालतं, अळणी सोमवारीसुद्धा आत्या ते जिभेवर ठेवायची. लोणचं, ताकातल्या मिरच्या, वाळवणं ही सगळी सूर्यनारायणानं शिजवलेली, त्यांना स्वयंपाकाचे कायदे लागू नाहीत. त्यानं पत्रातून विचारलं, स्वयंपाकात मीठ आहे का? काकूनं लिहून पाठवलं, नाही. दोघंही खरं बोलले होते. आणि अख्ख्या सैंपाकघरातलं मीठ मोठाप्पा त्या एका फोडीतून चोखत होते.

मोठे डॉक्टर अजून यावर भांडतात, हे किट्टूला माहीत होतं. कुणी म्हणतात मिठाचा संबंध आहे, कुणी म्हणतात नाही. पण त्यानं स्वतः वॉर्डात बघितलं होतं, मीठ तोडल्यावर सुजलेले पाय उतरताना आणि पारा खाली येताना. सगळ्यांचा नाही. पण पुष्कळांचा.

आता आत जाऊन नुसतं म्हणायचं होतं, आत्या, ते नारत्तंगाय बंद कर.

त्याची जीभ उचलेना. त्याची आई त्याला जन्म देऊन गेली. त्याला वाढवलं ते याच बोडक्या, तांबड्या लुगड्यातल्या बाईनं. तिरुवैयारूला बापाकडे बैलगाडीतून जाताना तो ओकायचा, तेव्हा ती कमरेच्या पुरचुंडीतून एक फोड काढून त्याच्या दाताखाली द्यायची. "चोख, कण्णा. चावू नकोस. कावेरी दिसेपर्यंत पुरवायची." आणि पुरायची. कावेरीचा पूल आला की ती तोंडातून काढून बघायची, किती उरली ते, आणि शाबासकी द्यायची. आजही त्याला गाडीत मळमळलं की जिभेच्या कडेला तीच चव येई.

त्या हाताला काय सांगायचं?

•

दुपार कलल्यावर कूडमात, म्हणजे घराच्या मधल्या मोठ्या दालनात, सगळे जमले. परवा सीतारामरावांची साठीची शांत होती. या मुलखात तिचा केवढा थाट! नवरा-बायकोनं पुन्हा लग्नासारखं बसायचं, कलशांचं पाणी डोक्यावर घ्यायचं, सगळ्या आप्तेष्टांनी ते घालायचं. अक्का अर्थातच त्या वेळी कोठीत असणार होती. मंगलकार्यात तिनं समोर यायचं नसे. तिचं नारत्तंगाय मात्र प्रत्येक पानावर येई, मिठाच्या जागेच्या शेजारी, डाव्या हाताला.

स्वयंपाकी शेषाद्री खांबाशी बसला होता. त्यानं मिठाचं ठरलेलं ऐकलं आणि दोन्ही हात कानांवर ठेवले.

"उप्पु नाही? सांबाराला उप्पु नाही? स्वामी, लोक म्हणतील शेषाद्री म्हातारा जाहला, विसरला. मी परत कुंभकोणच्या रस्त्यानं तोंड दाखवू कसं?"

"सगळ्यांना नको रे," विशालाक्षी म्हणाली. "यजमानांचं तेवढं वेगळं काढ."

"वेगळं कां?" सीतारामराव उखडले. "माझी साठी, आणि मीच एकटा कालव्याचं पाणी पिऊ? वेदारण्याला लोक सत्याग्रहात मुठीत मीठ उचलायला गेले तेव्हा मी सरकारी खुर्चीत बसलो होतो. सरकारनं नुसता कर घातला तर माणसं तुरुंगात गेली. माझ्या पुतण्यानं तर मीठच जप्त केलं. मी कुठल्या तुरुंगात जाऊ, सांगा!"

वेंकटरमण मांडीवर थाप देऊन हसला. तो धाकटा भाऊ, तिरुवैयारूला मुलांना गाणं शिकवून पोट भरणारा. आयुष्यभर थोरल्या भावाच्या बाजूनं बसलेला, आज स्वतःच्या मुलाच्या विरुद्धसुद्धा. "खरं आहे, अण्णा. सरकारापेक्षा हा कडक. किट्टू, एक दिवस तरी सोड की. साठी काय दर वर्षी येते?"

"आपल्या घरात ती आलीच कुठं कधी, अप्पा?" किट्टू म्हणाला.

हे बोलायला नको होतं. सीतारामरावांनी पायानं झोपाळा थांबवला.

या घरात तो विषय जेवणाआधी आणि दिवेलागणीनंतर काढत नसत. म्हणजे खरं तर कधीच काढत नसत. या घरचा एकही पुरुष साठी बघून गेला नव्हता. सीतारामरावांचे आजोबा राजवाड्याच्या कोठीवर कोठारी होते. इंग्रजांनी राज्य खालसा केलं, वाड्यातली चाकरमंडळी घटवायची वेळ आली, तेव्हा सैंपाकिणींपैकी एकीचा शिधा आजोबांच्या हातून बंद जाहला. तिनं म्हणे कोठीच्या उंबऱ्यावर बोटं मोडली: तुझ्या घरचे पुरुष साठीचं पान बघणार नाहीत. वाड्याचं सामान विकलं गेलं तेव्हा आजोबांनी कोठीतल्या मोठ्या चिनी भरण्या विकत घेतल्या, आणि भरण्यांबरोबर तो शापही घरी आला असं सगळे मानत. आजोबा पानावरच एका अंगानं लुळे पडले. सीतारामरावांचे वडील, अप्पा, कचेरीतून येऊन ओसरीवर बसले ते उठले नाहीत. मधले काका, भजनात. प्रत्येक वेळी जप जाहले, शांती जाहल्या, रामेश्वरची यात्रा जाहली. भरण्या कोठीत तशाच उभ्या राहिल्या.

"परवा होमात त्याचंच निवारण आहे," वेंकटरमण हळू म्हणाला. "भटजींनी सांगितलंय. तू तुझा पारा बघ, आम्ही आमचं बघतो."

किट्टूनं शेषाद्रीकडे बघून, अगदी सहज वाटावं असं म्हटलं, "आणि पानावर लोणचं नको. ऊन फार आहे. लोकांना तहान लागते."

शेषाद्रीनं मान वर केली. विशालाक्षीनं मान खाली घातली.

"लोणचं नको?" वेंकटरमण म्हणाला. "डोकं ठिकाणावर आहे ना? अक्काच्या नारत्तंगायशिवाय आपल्या घरात पान मांडलंय कधी?"

"नुसतं म्हटलं, अप्पा."

"ते असतंच, किट्टू," सीतारामराव म्हणाले. आवाज आता चेष्टेचा नव्हता. "ते औषध आहे. त्यात तू पडू नकोस."

"अहो, तो काय म्हणतो ते..." विशालाक्षीनं सुरुवात केली.

"तूही पडू नकोस."

ती सरकून किट्टूच्या बाजूला, खांबाच्या त्या अंगाला जाऊन बसली. लहानशी हालचाल. वेंकटरमणाच्या लक्षात आली, आणि त्याचं तोंड उतरलं.

•

कोठीचं दार कूडमात उघडत नव्हतं, पण कोठीतून कूडमातलं सगळं ऐकू येई. वसुमतीअक्का साठ वर्षं या घराच्या गोष्टी अशाच, भिंतीतून ऐकत आली होती.

अंधारात भरण्या ओळीनं उभ्या होत्या, गळ्याला फडकं बांधलेल्या. आई तिला पहिल्यांदा इथं घेऊन आली तो दिवस तिला आठवत होता. डोकं नुकतंच बोडकं जाहलं होतं, गार वाटत होतं. ती सारखा हात फिरवून बघत होती. आईनं तो हात धरला, मिठाच्या गोणीत घातला आणि म्हणाली, "मूठ भर. एवढं एका फळाला. हाताला कळतं, मोजायचं नाही." मीठ खरबरीत होतं, बोटांच्या फटीतून सांडत होतं. कोठीत समुद्राचा वास आला होता. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. "आता ही कोठी तुझी," आई म्हणाली. "इथून तुज कोणी ऊठ म्हणणार नाही." आणि खरंच, कोणी म्हटलं नाही.

आताही कोणी म्हणत नव्हतं. सकाळी पंक्तीत किट्टू उठता उठता थांबला, ते तिनं दाराच्या फटीतून बघितलं होतं. तिच्याच हाताखाली वाढलेलं पोर. ते कशाकडे बघून थांबलं हे तिला कळायला कितीसा वेळ? आणि आता म्हणतो, ऊन फार आहे.

तिनं मोठ्या भरणीचं फडकं सोडलं. वास आला. त्या वासाबरोबर ओसरी आली, अप्पा आले, कचेरीचा कोट अजून अंगावर, डोळे लाल, कपाळ दाबून धरलेलं. "डोकं फुटतंय." आणि आई आतून, "पित्त जाहलंय. थांबा, फोड आणते." फोड चोखली की अप्पांना बरं वाटे. तहान लागे, तांब्यावर तांब्या पाणी पीत. संध्याकाळी पायातला जोडा निघेना, पाय चढलेले. आई म्हणे, चालून चालून. दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकं, पुन्हा फोड. मधल्या काकांचंही तसंच. त्यांची फोड आईनं नाही, तिनं नेली होती. काका म्हणायचे, वसू, तुझ्या हातच्या फोडीसाठी जन्म घ्यावा पुन्हा. भजनाला जाताना कनवटीला एक लावून जायचे. त्या दिवशीही घेऊन गेले होते. आणून ओसरीवर ठेवलं तेव्हा फोड तोंडातच होती. तीच तिनं बोटानं काढली होती, आणि तुळशीत टाकली होती. ती तुळस नंतर वाळली. तेही शापात धरलं होतं सगळ्यांनी.

अक्का बराच वेळ भरणीत बघत राहिली. मग ती उचलली. जड होती. कमरेवर घेतली, पूर्वी किट्टूला घ्यायची तशी.

•

अक्का कूडमात आली तेव्हा शेषाद्री आधी उठला. परका पुरुष बसलेला असताना ती कधी बाहेर येत नसे. तिनं भरणी किट्टूच्या पुढ्यात, फरशीवर ठेवली.

"तुझ्या पाऱ्याला विचार," ती म्हणाली, "यात किती मीठ आहे ते."

"आत्या, मी तसं नव्हतो म्हणत..."

"तू काहीच नव्हतास म्हणत. तेच विचारतेय. सकाळी बघितलंस. तोंड शिवलंस कां?"

किट्टू भरणीच्या निळ्या नक्षीकडे बघत राहिला.

"आणि तू, विशालम. रोज भिंतीकडे बघतेस. भिंत काय सांगते तुज?"

विशालाक्षीचे डोळे भरले. "अक्का, मी काय सांगू तुम्हांस? ह्या घरात आले तेव्हा मज साधं सार करता येत नव्हतं. तुम्हीच शिकवलंत."

"म्हणून मज सांगायचं नाही? सगळ्या घरास कळलं, आणि मज एकटीस भिंतीआडून कळायचं?" ती धापा टाकत होती. "वेंकू, तूही."

"मज नव्हतं ठाऊक," वेंकटरमण म्हणाला. मग, "म्हणजे, विचार करायचा नव्हता."

"अक्का, आत घेऊन जा ती," सीतारामराव म्हणाले. "औषध आहे ते माझं."

"अप्पाही हेच म्हणत."

"असेना. मज ठाऊक आहे त्यात काय आहे. मी काय कुक्कुलं बाळ आहे? चोखल्यावर रात्रभर तांब्या उशाशी घेऊन निजतो मी." नजर बहिणीवरून काढून त्यांनी झोपाळ्याच्या कडीवर ठेवली. "परवा मी पाटावर बसणार. सगळं गाव डोक्यावर पाणी घालणार. तू तिकडं आत, अंधारात. तुझ्याकडून म्हणून पानावर तेवढी एक फोड येते, अक्का. तीही नको म्हणू? कुठल्या तोंडानं म्हणू?"

शेषाद्री खांबाआड तोंड करून उभा होता, ऐकत नसल्यासारखा.

अक्का खाली बसली. कूडमात, पुरुषांच्या समोर, भावाच्या झोपाळ्यापाशी, अगदी पंक्तीला बसावं तशी मांडी घालून. तिनं भरणीवर हात ठेवला. आजोबांनी वाड्यातून आणलेली, आईनं पुसलेली, तिनं साठ वर्षं उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात हलवलेली ती भरणी.

"येडा आहेस, सीतू," ती म्हणाली. "माझ्यासाठी मरायला निघालास, आणि मज विचारलंही नाहीस."

"अक्का..."

"थांब. मज बोलू दे. परवा भटजी त्या बाईच्या नावानं आहुती टाकणार. ती कोण कुठली सैंपाकीण, तिचा शिधा बंद जाहला, तिनं बोटं मोडली असतील नसतील. इतकी वर्षं आपण तिलाच धरून बसलोय. तिचं नाव घेऊ नका आता." तिचा हात भरणीच्या गळ्याशी आला. "अप्पांच्या पानावर आईनं घातलं. काकांच्या तोंडात मी घातलं. तुज रोज मी घालतेय. शाप कुणाचा नव्हता, सीतू. आपल्या घरचे पुरुष आम्ही बायकांनी, मायेनं, मीठ घालून घालून नेले."